कन्सुएलोबाईंची हत्यारं

"पायातलं बाहेर," तगारेकाका म्हणाले.

विंगेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून ते उभे होते. समोर कन्सुएलो बारेरा होत्या. ज्यांच्या टाचेचा आवाज स्पेनमधली माणसं डोळे मिटून ओळखतात, त्या. साठी कधीच उलटलेली, अंगात काळा घोळदार झगा, मानेवर घट्ट अंबाडा आणि पायात काळे बूट. बुटांच्या टाचांना आणि चवड्यांना बारीक खिळे दाटीनं ठोकलेले. फ्लामेंको नावाच्या त्यांच्या नाचात अर्धं गाणं त्या बुटांतूनच येतं, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. काकांना अजून कळायचं होतं.

"काय म्हणतोय हा?" बाईंनी मला स्पॅनिशमध्ये विचारलं.

मी त्यांचा दुभाष्या होतो. तेव्हा मी पुण्यात स्पॅनिश शिकत होतो आणि मूळचा सांगलीचा होतो. जगात असा दुसरा कुणी नसल्यामुळे निवड अवघड गेली नाही. आमच्या पुस्तकात 'स्टेशनवर', 'भाजीबाजारात' आणि 'डॉक्टरकडे' असे धडे होते. 'नाट्यगृहाचा व्यवस्थापक बूट काढायला सांगतो' हा धडा बहुधा पुढच्या भागात असावा.

"ते म्हणतात, स्टेज म्हणजे देऊळ आहे."

"आहेच. मग?"

"मग देवळात बूट चालत नाहीत."

"चर्चमध्ये चालतात."

हे मी काकांना सांगितलं.

"तिथं चालू देत की," काका म्हणाले. "तिथं मी व्यवस्थापक नाही."

नटेश्वर नाट्यमंदिराचं व्यवस्थापन वामनराव तगाऱ्यांकडे माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. एकदा एका मंत्र्याला त्यांनी मोज्यांवर भाषण करायला लावलं होतं. मोज्याला भोक होतं म्हणून मंत्री भाषणभर टेबलामागे उभे राहिले आणि भाषण लवकर संपलं. सांगलीकर अजूनही काकांचे त्याबद्दल आभारी आहेत.

कलामंडळाच्या आरवाडे मॅडम धावत आल्या. बाईंना सेव्हिलहून सांगलीला आणण्यात त्यांची दोन वर्षं गेली होती. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तिकिटं संपली होती. मिरज, कोल्हापूर, पार बेळगावहून माणसं येणार होती. त्यातून बाईंनी जाहीर केलं होतं की हा दौरा शेवटचा. घरी गेल्यावर बूट खुंटीला.

"काका, अहो आंतरराष्ट्रीय कलाकार आहेत त्या!"

"असू देत. पायात आंतरराष्ट्रीय वहाणा आहेत ना? त्या बाहेर."

"पुष्कर, बाईंना विचार, अनवाणी नाचतील का? आपल्याकडे सगळे अनवाणीच नाचतात म्हणावं."

मी विचारलं. कन्सुएलोबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"ह्या मुलाला सांग," त्या त्यांच्या गिटारवाल्याला म्हणाल्या, "मी बूट काढत नाही. इथं नाही आणि कुठंच नाही. आजच्या आज मुंबईचं विमान बघ."

ह्या मुलाला म्हणजे मला. मी समोरच उभा होतो, पण बाई इतक्या रागावल्या होत्या की त्यांना मला निरोप पाठवावासा वाटला.

गिटारवाला मनोलो त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या. जाड मिशा, उतरलेला चेहरा. सदैव कुणाच्या तरी तेराव्याहून आल्यासारखा दिसायचा. त्यानं मला बाजूला घेतलं.

"बुटांचा विषय काढू नकोस. मी लहानपणापासून तिच्याबरोबर वाजवतोय. तिचे पाय मी कधी पाहिलेले नाहीत."

"कुणीच नाही पाहिलेले?"

"माझ्या काकानं पाहिले असावेत." मनोलोनं विचार केला. "पण तो वारला."

मला तो मोठेपणाचा तोरा वाटला. मोठ्या कलावंतांची अशी काहीतरी खोड असते, आमच्या गल्लीतले एक कीर्तनकार खिचडीत जिरं चालवून घेत नसत. तेव्हा मी माझ्या परीनं मार्ग काढला.

"काका," मी म्हणालो, "तबलजी स्टेजवर तबला नेतो ना?"

"नेतो की."

"तबल्याला चामडं असतंच."

"असतं."

"मग हे बूट म्हणजे बाईंचा तबला आहे. त्या पायात घालत नाहीत, पायानं वाजवतात. ही वहाण नव्हे काका. हे हत्यार आहे."

हे मी इतक्या ठामपणे बोललो की मलाही क्षणभर पटलं. काका बराच वेळ बुटांकडे बघत राहिले. मग वाकून, हात न लावता, त्यांनी टाचेचे खिळे पाहिले.

"कुणी ठोकलेत?"

बाईंनी सांगितलं की त्यांच्या गावचा एक म्हातारा चांभार ठोकायचा, आता तो नाही, ह्या तीन जोड्या त्याच्या हातच्या शेवटच्या.

काकांचे हात खाली आले. चेहराच बदलला.

"अरे मग असं आधी नाही का सांगायचं!" ते म्हणाले. "हत्यार आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आणि आजच्यासारखा दिवस नाही. आणा, सगळी आणा!"

मॅडमनी माझी पाठ थोपटली. मीही मनातल्या मनात थोपटली. आज कुठला दिवस आहे, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही.

रंगपटात चौरंग मांडला होता. त्यावर लाल कापड, कापडावर वायरमनचा पेचकस आणि पक्कड, सुताराचा हातोडा, रंगभूषेची पेटी, शिंप्याची कात्री, जुनी बाजाची पेटी. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिलेली. बाईंनी पडद्यामागे जाऊन जाड मोज्यांवर कापडी सपाता चढवल्या आणि बुटांच्या तिन्ही जोड्या आणून दिल्या. काकांनी त्या धुतल्या हातांनी घेतल्या. कापडानं पुसल्या. सहा बूट ओळीत मांडले, प्रत्येकाच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं, वर एकेक फूल ठेवलं आणि समोर पेढ्यांचा नैवेद्य दाखवला.

कन्सुएलोबाई बघत राहिल्या.

"आमच्याकडे राजानं मला पदक दिलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण माझ्या बुटांना मिठाई आजवर कुणी दिली नव्हती."

मनोलोलाही भरून आलं. त्यानं आपण होऊन गिटार चौरंगावर नेऊन ठेवली. काकांनी तिच्या सहाही तारांना हळद लावली. मॅडमनी भारावून हातातला माइक ठेवला. मग काकांनी आरती म्हटली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मनोलोनं त्या टाळ्यांमध्ये मधूनच असा काही आडवा ठेका धरला की आरती दोनदा अडखळली.

जेवणं झाली. बाई ताज्यातवान्या होऊन रंगपटात आल्या आणि बुटांकडे हात केला.

"हां हां हां!" काका ओरडले. "आता उद्या."

"उद्या म्हणजे?" मी विचारलं.

"आज खंडेनवमी नाही का? पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस विश्रांती. उद्या दसऱ्याला सकाळी उचलायची."

"काका, कार्यक्रम आज आहे!"

"मला वाटलं, बाईंच्या वेगळ्या असतील अजून एकदोन जोड्या. तुम्ही सगळ्याच आणल्यात."

"तुम्हीच म्हणालात सगळ्या आणा!"

"हो, पूजेला सगळ्याच आणायच्या असतात," काका म्हणाले. ह्यात कुठं विसंगती आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"दरवर्षी काय करता मग ह्या दिवशी?"

"दरवर्षी भाषणं ठेवतो. भाषणाला काही लागत नाही."

मॅडमचा माइकही गेला होता. दिव्यांचं विचारलं तर काका म्हणाले की त्याची काळजी नको, वायरमननं पहाटेच सगळे दिवे लावले आणि मग बटणांची पूजा केली. उद्या सकाळपर्यंत चालू राहतील. पडद्याच्या दोरीलाही हार घातला होता, पण पडदा आधीच वर होता.

"अरे पण पुष्कर," मॅडम माझ्यावर उलटल्या, "हत्यार आहे हे तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

बाई पदर खोचल्यासारखा झगा मुठीत धरून उभ्या होत्या. "काय झालं? हा माणूस माझ्या बुटांपुढे का उभा आहे?"

मी सांगितलं. विश्रांतीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून 'बूट सुट्टीवर आहेत' असं सांगितलं. मनोलो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार.

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. चौरंगाजवळ गेल्या. कुंकू लावलेल्या बुटांकडे, हातोड्याकडे, कात्रीकडे पाहिलं.

"ह्यांना वर्षातून एक दिवस सुट्टी मिळते?"

"हो."

"माझ्या बुटांना कधीच मिळाली नाही," त्या म्हणाल्या. मग: "त्याला विचार, पायांचं काय?"

मी काकांना विचारलं.

"पाय कसे ठेवणार पूजेत?" काका म्हणाले. "पाय माणसाला लागलेले असतात."

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जशी एखादी अवघड अट कागदावर वाचून मान्य करावी तशी. सपाता घातलेले पाय त्यांनी झग्याखाली ओढून घेतले होते. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की हा तोरा नसावा.

"मनोलो," त्या म्हणाल्या, "तुझी आजी कशावर वाजवायची?"

"टेबलावर. मुठीनं."

"मग टेबल आण."

सहा वाजता नाट्यगृह गच्च भरलं. स्टेजवर एक लाकडी टेबल, एक खुर्ची, आणि पहाटेपासून तापलेले दिवे. मॅडमनी माइकशिवाय प्रास्ताविक केलं, म्हणजे पहिल्या तीन रांगांसाठी केलं. मी विंगेत काकांच्या शेजारी उभा होतो. आमच्यामागे बाई मोजे काढत होत्या.

"तिकडं बघा," त्या आम्हाला म्हणाल्या.

आम्ही तिकडं, म्हणजे भिंतीकडं, बघितलं. झग्याची सळसळ आमच्या पाठीमागून स्टेजवर गेली.

मनोलोनं टेबलावर मुठीची हाडं टेकवली आणि ठोके द्यायला सुरुवात केली. मग तो गायला लागला. हा माणूस गातो हे मला माहीत नव्हतं. त्याचा आवाज फाटका होता, आणि त्या फाटक्या जागेतूनच गाणं बाहेर येत होतं. कन्सुएलोबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, झगा जमिनीला टेकलेला. त्यांनी फक्त एक हात वर नेला. मी उंची सांगू शकतो, वेळ सांगू शकत नाही. तो हात वर जाईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकांनी श्वास घेतला नाही. बोटं एकेक करून उघडली, आणि तळहातातून काहीतरी सुटून गेलं असं वाटून पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं खरोखरच वर छताकडं पाहिलं.

त्या वळल्या. खांद्यानं, मानेनं, मनगटानं नाचल्या. म्हातारं माणूस तरुण झाल्यासारखं वगैरे काही दिसत नव्हतं. साठी उलटलेली बाई साठी उलटलेलीच दिसत होती, आणि ते वय जणू पाण्यानं भरलेली एखादी जड परात डोक्यावर तोलावी तसं तोलून ती चालत होती. पाण्याचा थेंब सांडत नव्हता. पाय झग्याखाली हलत असावेत. आवाज जवळजवळ नव्हता, इतका नव्हता की मागच्या रांगा पुढे झुकल्या.

मग मनोलोचे ठोके वाढले. मला एवढं कळत होतं की आता पायांची जागा आली. इथं टाचांनी पाऊस पाडायचा असतो. बाई थांबल्या.

मनोलोनं तीच जागा पुन्हा आणली. बाई उभ्याच. त्यांनी विंगेकडं पाहिलं, आमच्याकडं. मला वाटलं त्या निघून येणार, आणि खरं सांगायचं तर मी बाजूला होऊन त्यांना वाटही करून दिली.

त्यांनी दोन्ही हातांनी झगा उचलला. गुडघ्यापर्यंत.

सभागृहातून एकदम "आई गं!" असा आवाज आला. एका बाईचा नव्हे, बऱ्याच जणींचा.

आल्याच्या गड्ड्याला जसे फाटे फुटतात तसे ते पाय होते. अंगठ्याची हाडं बाहेर आलेली, करंगळ्या शेजारच्या बोटांखाली दबून गेलेल्या, नखं कुठं काळी तर कुठं नाहीतच. लहानपणापासून खिळ्यांच्या बुटांत कोंबून, त्या बुटांनी जमीन ठोकून ठोकून झालेले पाय. एवढी सुंदर बाई त्या पायांवर उभी होती. मनोलोचा हात टेबलाच्या वर तसाच राहिला. तोही पहिल्यांदाच बघत होता.

बाईंनी टाच आपटली. अनवाणी.

नटेश्वरचं स्टेज जुन्या सागवानाचं, खालून पोकळ. त्यातून जो आवाज आला तो बुटाचा नव्हताच. बंद दारावर कुणीतरी आतून मूठ मारावी तसा तो आला. दुसरी टाच. मग चवडा. मग त्या पायांनी एकमेकांशी भांडायला सुरुवात केली, मग समजूत काढली, मग दोघांनी मिळून त्या फळ्यांना जाब विचारला. झगा खाली आला नाही. हात कुणाला दिसले नसतील, चेहरा कुणी पाहिला नसेल. सगळी सांगली ते पाय बघत होती. मागून कुणीतरी "वाऽऽ बाई, वा!" असं ओरडलं, आणि लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. तो लग्नातल्या वरातीचा होता. मनोलोनं कपाळाला आठ्या घातल्या. बाईंनी मात्र तो वरातीचा ठेका पायांनी उचलला, दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि असा काही वळवून परत दिला की टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात हवेतच राहिले.

शेवटची टाच पडली तेव्हा पडदा पडायला हवा होता. दोरी पूजेत होती. बाई उजेडात तशाच धापा टाकत उभ्या राहिल्या.

विंगेतून तगारेकाका चालत गेले. त्यांच्यापुढे जाऊन खाली वाकले आणि दोन्ही हात त्या पायांवर ठेवले.

बाई दचकून मागे सरकल्या. झगा झटकन सोडला.

"पोरा! हा काय शोधतोय?"

मी धावत गेलो. पाया पडणे हा धडा कुठल्याच भागात नव्हता.

"ते भेटायला आलेत."

"मला?"

"आधी पायांना," मी म्हणालो. "मग तुम्हाला."

तोवर लोक उठले होते. पायऱ्यांशी चपला काढून रांग स्टेजवर येत होती. आरवाडे मॅडम, मिरजेचे एक बीनकार, बेळगावचं एक अख्खं कुटुंब. एकेक जण वाकत होता, हात लावत होता आणि तो हात स्वतःच्या कपाळाला नेत होता. आधी बाईंनी बोटं आत ओढून घेतली. मग पायावर पाय ठेवून एक तरी झाकायचा प्रयत्न केला. रांग संपेना. एका म्हातारीनं पाया पडल्यावर अंगठा नीट निरखला आणि त्यांना दम दिला, "बया बया, काय हाल करून घेतलेस गं! निजताना कोमट तेल लावत जा की."

"काय म्हणाली?"

"तेल लावा म्हणाली."

कन्सुएलोबाईंनी झगा पुन्हा थोडा वर धरला. म्हातारीला नीट दिसावं म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी त्यांना निघायचं होतं. आम्ही बूट घ्यायला गेलो तेव्हा काका अंघोळ करून, टोपी घालून तयार होते. बाईंनी विंगेच्या तोंडाशी सपाता काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी चौरंगावरची एक जोडी उचलली, दोन्ही हातांवर आडवी धरली, आणि ज्या स्टेजवर त्यांनी जन्मात वहाण येऊ दिली नव्हती तिथं स्वतः नेऊन मधोमध ठेवली.

"घाला म्हणावं."

बाईंनी बुटांना हात लावून तो कपाळाला नेला. रांगेकडून शिकल्या असाव्यात. मग बूट चढवले आणि टाच मारली. रिकामं नाट्यगृह गोळी झाडल्यासारखं दणाणलं. छतातली कबुतरं उडाली. त्यांनी अजून एक मारली, अजून एक, आणि मग तो वरातीचा ठेका, अख्खाच्या अख्खा, खिळ्यांनी.

काकांनी डोळे पुसले.

"थोडं हळू सांग," ते मला म्हणाले. "फळ्या जुन्या आहेत."

ते बूट काही खुंटीला गेले नाहीत. बाई त्यानंतर बरीच वर्षं नाचत राहिल्या. मनोलो अधूनमधून मला फोनवर व्हिडिओ पाठवतो. गेल्या महिन्यात सेव्हिलच्या कार्यक्रमाचा आला. अंधार, मग एक दिवा, आणि कन्सुएलो बारेरा अनवाणी चालत येतात, बूट दोन्ही हातांवर आडवे धरून. ते खाली ठेवतात, स्पर्श करून हात कपाळाला नेतात, सगळ्यांदेखत, सावकाश, पायात चढवतात. बुटांच्या नाकांवर लाल ठिपका आहे. प्रेक्षक उभे राहतात. खाली कुणा समीक्षकाचं मत जोडलेलं होतं: बाईंनी आपल्या अंदालुसिया प्रांतातला एक प्राचीन, जवळजवळ लुप्त झालेला विधी पुन्हा जिवंत केला असून लाल ठिपका पूर्वजांच्या रक्ताची आठवण आहे.

मी सांगलीला गेलो तेव्हा तो व्हिडिओ तगारेकाकांना दाखवला. आता ते निवृत्त आहेत, ऐकू कमी येतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत पाहिला. मी समीक्षकाचं मतही मोठ्यानं वाचून दाखवलं. विधी, प्राचीन, रक्त, सगळं.

"ते असू दे," काका म्हणाले. "सपाता विंगेत काढते ना?"

"काढतात."

"मग झालं," ते म्हणाले, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.